घेतलं आपलं

ऑक्टोबर लागला की इथे अमेरिकेत, आमच्या ट्रॉयमध्ये, चौकाचौकांत पाट्या उगवतात. तारेच्या दोन पायांवर गवतात खोचलेल्या, लाल अक्षरांच्या, खाली एक बाण. इस्टेट सेल. म्हणजे त्या बाणाच्या दिशेला कुणीतरी म्हातारं माणूस वारलेलं असतं, नाहीतर मुलांनी त्याला वृद्धाश्रमात नेऊन ठेवलेलं असतं, आणि त्याचं घर शुक्रवार ते रविवार सगळ्या गावाला उघडं असतं. आत शिरायचं, त्याच्या कपाटातले कप उलटे करून बघायचे, त्याच्या खुर्चीत बसून ती करकरते का ते बघायचं, आवडेल ते पैसे मोजून उचलायचं. पहिल्यांदा गेलो तेव्हा मला शरम वाटली होती. आपल्याकडे माणूस गेलेल्या घरात शेजारी पिठलंभात घेऊन जातात आणि इथे दारात सकाळपासून रांग. पुढे सवय झाली. इतकी झाली की रांगेत पहिला मीच असायचो.

यंदाही पाट्या लागल्या आहेत. मेपल लाल झाले आहेत, पानं गोळा करणाऱ्या यंत्रांची घरघर सुरू झाली आहे, भोपळे पायऱ्यांवर येऊन बसले आहेत. मी आता बाणाकडे बघत नाही, गाडी सरळ काढतो. शेजारच्या सीटवरून सुलभा, माझी बायको, म्हणते, "थांबायचं का जरा?" मी म्हणतो, "काय करायचंय?" एवढं बोलून आम्ही घरी येतो.

मी डायचा माणूस. गाडीचे दरवाजे, बॉनेट, छत हे सगळं ज्या पोलादी साच्यांत पत्रा दाबून काढतात, ते साचे घडवण्यात माझी सगळी नोकरी गेली. त्याआधी माझे वडील कोल्हापूरजवळ शिरोलीच्या एका फाउंड्रीत ओतकाम करायचे. तेव्हा दाबणं, ओतणं, ठसा उठणं हे मला कुणी शिकवायला लागलं नाही. चित्रकलेशी मात्र माझा काडीचा संबंध नव्हता. शाळेत मला हत्ती काढता येत नव्हता.

तरीही एका ऑक्टोबरात, जवळच्या वॉरन गावातल्या एका घराच्या तळघरात, कपडे वाळवायच्या यंत्राच्या मागे भिंतीकडे तोंड करून ठेवलेली एक चौकट मी उगाच फिरवली आणि हललोच नाही. काळं-करडं चित्र. दोघांनी दांडीला धरलेलं वितळल्या लोखंडाचं भांडं, तिसरा खाली वाकून साच्याच्या तोंडाकडे बघतोय, आणि तिघांच्याही माना एकाच बाजूला वळलेल्या. त्या माना मी ओळखल्या. भांडं कलतं तेव्हा झळ तोंडावर येते, म्हणून माणूस मान वळवतो पण डोळा काढत नाही. वडील घरी चहाची किटली ओततानाही तशी मान वळवायचे आणि आम्ही हसायचो. ज्याने भट्टीसमोर उभं राहून पाहिलंय त्यालाच ती मान काढता येईल. खाली पेन्सिलीने एक सही होती आणि सहीशेजारी दोन आकडे, मध्ये तिरकी रेघ. घरातली बाई म्हणाली, सासऱ्यांचं होतं, ते शाळेत शिकवायचे, ती शाळा केव्हाच बंद पडली. मी ते चित्र कोटात गुंडाळून गाडीत ठेवलं.

"आता हे काय?" सुलभाने विचारलं.

"घेतलं आपलं," मी म्हणालो.

हा शब्द मी कधी नीट ऐकला नव्हता. 'आपलं' म्हणजे आपल्या मालकीचं, आणि 'आपलं' म्हणजे काहीच नाही, सहज, कारण विचारू नका. आलो आपला. बसलो आपला. घेतलं आपलं. एकाच शब्दात हक्कही सांगायचा आणि अंगही चोरून घ्यायचं. पुढे कितीतरी वर्षं दर ऑक्टोबरला मी एकेक चौकट घरी आणत गेलो, आणि दर वेळी दारातच हे दोन शब्द बोलून आत शिरलो.

हळूहळू कळत गेलं. मागे, १९३०च्या सुमारास, महामंदी आली तेव्हा कारखाने बंद पडले, तसे चित्रकारही बेकार झाले. तेव्हा इथल्या सरकारने त्यांना पगारावर ठेवलं आणि सांगितलं, चित्रं काढा. काय काढायचं? जे दिसतं ते. मग त्यांनी भट्ट्या काढल्या, गोदी काढली, रांगेत उभी राहिलेली माणसं काढली, दोरीवर वाळणारे कपडे काढले. दगडावर तेलकट खडूने चित्र रेखायचं, त्यावरून मोजक्याच प्रती काढायच्या, प्रत्येकीवर आकडा घालायचा, आणि मग दगड घासून कोरा करून पुढच्या चित्रकाराच्या हातात द्यायचा. दोन-तीन प्रती चित्रकाराला, बाकीच्या शाळांना, वाचनालयांना, दवाखान्यांना. दगड घासण्याचं वाचलं तेव्हा मी खुर्चीतून उठून येरझाऱ्या घातल्या. आम्ही एखादं मॉडेल बंद झालं की डाय भंगारात काढतो. त्या दिवशी डबा कुणाला जात नाही.

आमच्या मंडळातले नेने दर गणपतीला घरी येतात. एकदा त्यांनी भिंतीवरच्या चित्राजवळ नाक नेलं.

"ओरिजिनल आहे?"

"हो."

"मग हे आकडे कसले?"

"पंचविसातली सातवी प्रत."

"म्हणजे छापील. म्हणजे झेरॉक्सच की रे यार," नेने म्हणाले आणि मोदकाकडे वळले. नेन्यांच्या दिवाणखान्यात कॅनव्हासवर काढलेला सूर्यास्त आहे, तो सोफ्याच्या रंगाला मॅच करून घेतलेला आहे. मी मोदकांचं ताट पुढे सरकवलं. पण रेवा, माझी मुलगी, तेव्हा आठ-नऊ वर्षांची असेल, ती लाडू खाता खाता म्हणाली, "काका, इट्स नॉट अ कॉपी. देअर इज नो ओरिजिनल. दे आर ऑल द ओरिजिनल." नेने मोठ्याने हसले. मला मात्र त्या दिवशी जे वाटलं ते तिच्या पदवीदान समारंभातही वाटलं नाही.

कारण हे सगळं मी तिला शिकवलं होतं. शनिवारी सकाळी चिवड्याचा डबा घेऊन आम्ही दोघं निघायचो. हात धुतल्याशिवाय कागदाला हात लावायचा नाही. कोपऱ्यांनी धरायचं, अंगठा मध्ये येऊ द्यायचा नाही. तिरपं धरून उजेडात बघायचं, दाब कुठे पडलाय ते कळतं. सही पेन्सिलीची आहे का छापलेली, ते बघायचं. मी मराठीत सांगायचो, ती इंग्रजीत उत्तर द्यायची, आणि आमचं सुरळीत चालायचं. आणि शेवटी चौकटीची पाठ. पाठीवर शिक्का आहे का?

त्या भट्टीच्या चित्राच्या पाठीवर जांभळा शिक्का होता, पुसट. एका शाळेचं नाव आणि त्याखाली अमेरिकी सरकारची मालमत्ता अशा अर्थाचे शब्द. तो माझ्या नजरेतून सुटला असं कुणाला वाटत असेल तर तसं नाही. मी तो भिंग लावून वाचला आणि मला आनंद झाला. हसायचं तर हसा. पण मी जिथे वाढलो तिथे सरकारी शिक्का म्हणजे खरेपणाची खूण. वाण्याच्या वजनावर शिक्का, दाखल्यावर शिक्का, शिक्का नाही तर माल खोटा. आणि कोल्हापूरच्या जुन्या बाजारात घेतलेल्या माझ्या निम्म्या पुस्तकांवर कुठल्या ना कुठल्या वाचनालयाची मालमत्ता असं उमटलेलं असायचंच. ते वाचून कुणी पुस्तक परत करायला गेल्याचं मी ऐकलेलं नाही. म्हणून पोर जरा मोठी झाल्यावर मी तिला सांगितलं, "हा बघ सरकारी शिक्का. हा असला की अस्सल." ती पुढे प्रत्येक चौकट उलटी करून ओरडायची, "बाबा, स्टॅम्प आहे," आणि मी पाकीट काढायचो.

एका वर्षी आमचा कारखाना बंद पडला. तेव्हा माझ्याकडे ग्रीन कार्ड नव्हतं, रांगेत नाव होतं. दुसरी नोकरी लवकर मिळाली नाही तर देश सोडायचा, असा सरळ हिशेब. ते दिवस मी त्या भट्टीच्या चित्रासमोर बसून काढले. ज्या सरकारने एकेकाळी बेकार चित्रकाराला घरी बोलावून पगार दिला, तेच सरकार मला दाराकडे बोट दाखवत होतं. मला त्या चित्रकाराचा हेवा वाटायचा आणि मग हेवा वाटल्याची चीड यायची. नोकरी मिळाली. चीड काही गेली नाही, ती आपली राहिली.

आई एकदाच इकडे आली, तीही ऑक्टोबरात. खंडेनवमीला मी माझी अवजारं, व्हर्निअर, मायक्रोमीटर, वडिलांचा एक जुना हातोडा, जेवणाच्या टेबलावर मांडून ठेवली होती. भट्टीचं चित्र नवी काच बसवायची म्हणून चौकटीतून काढून तिथेच ठेवलेलं. मी अंघोळ करून आलो तोवर आईने सगळ्यांना हळदकुंकू वाहून टाकलं होतं. चित्रालासुद्धा. खालच्या कोऱ्या कडेला, सहीच्या बाजूला, करंगळीशेजारच्या बोटाचा ओला लाल ठसा.

"आई, अगं कागद आहे तो."

"अवजारंच आहेत की त्यात," आई म्हणाली. "आणि हे मधलं तुझ्या वडलांसारखं वाकलंय."

जाणकाराच्या दृष्टीने चित्राची वाट लागली होती. मी आधी चिडलो, मग तसंच काचेखाली घालून टाकलं. आई वारली त्यानंतर मी ते चित्र झोपायच्या खोलीत आणलं. तिची इथे राहिलेली तेवढीच एक वस्तू होती, बोटाएवढी.

रेवा मोठी झाली आणि तिने संग्रहालयाचं शिक्षण घेतलं. नेन्यांची पोरं कोडिंग करतात. रेवा ओहायोतल्या एका संग्रहालयात नोकरीला लागली. कुठली वस्तू कुठून आली, कुणाची, कुणी कुणाला दिली, हे शोधून पक्कं करायचं काम. सुलभा आणि मी ज्याला त्याला सांगत सुटायचो. मी मनात ठरवून टाकलं होतं, माझ्या चौकटी तिला द्यायच्या. दुसरं देण्यासारखं माझ्याकडे काय आहे? घर इथे सगळ्यांकडे असतं. शनिवार मात्र फक्त तिचे आणि माझे होते.

मी निवृत्त झालो त्या ऑक्टोबरात ती दसऱ्याला घरी आली. बाहेर पानं नुसती कोसळत होती. जेवणं झाल्यावर मी तिला म्हणालो, सगळं काढून बघून घे, आता हे तुझंच. तिने हात धुतले, ओढणी मागे टाकली, एकेक चौकट मागून उघडली. मला तिचे हात बघायला इतकं बरं वाटत होतं. माझेच हात, फक्त नीट. भट्टीचं चित्र तिने पालथं केलं आणि तसंच धरून राहिली.

"बाबा, हे कुठून घेतलंस?"

"वॉरनमधून. तू बोलायलाही लागली नव्हतीस तेव्हा."

"दिस इज फेडरल प्रॉपर्टी."

"मग? शिक्काच आहे की तसा. म्हणून तर अस्सल."

"नो, बाबा. स्टिल. अजूनही. सरकारने ते शाळेला लोन दिलं होतं, वापरायला. शाळेला विकता येत नव्हतं. त्या टीचरना पण नाही. कोणालाच नाही."

"मी कुठे विकतोय? मी घेतलं."

"यू कान्ट बाय इट आयदर."

मग तिने टेबलावर दोन ढीग केले. शिक्का नसलेली, चित्रकाराच्या स्वतःच्या वाट्याची, ती एकीकडे. शिक्क्याची दुसरीकडे. दुसरा ढीग मोठा झाला, कारण आयुष्यभर आम्ही शिक्का बघूनच तर घेत आलो होतो. ती म्हणाली, "तूच शिकवलंस मला स्टॅम्प बघायला." ती खिजवत नव्हती. तिला रडू येत होतं. सुलभा हात पुसत स्वयंपाकघरातून बाहेर आली.

मी म्हणालो, "तू हे पाहिलंच नाहीस असं समज."

"बाबा, डोन्ट आस्क मी दॅट."

"घरातली गोष्ट आहे, रेवा."

"इट्स माय जॉब. उद्या कळलं की माझ्याच घरात हे होतं आणि मला माहीत होतं, तर मला कोणी कुठे उभं करणार नाही. आय हॅव टू कॉल देम. मी कॉल केला तर नीट होईल, आय प्रॉमिस." मग माझ्या दंडाला हात लावून तिच्या त्या मराठीत म्हणाली, "ते आपलं नव्हतंच, बाबा."

तिच्या मराठीत 'आपलं' या शब्दाला एकच अर्थ आहे. दुसरा मी तिला शिकवला नाही, तो शिकवून येतही नाही.

ती बरोबर होती. हे मी इतक्यांदा स्वतःला सांगितलंय की आता त्याची चव गेली आहे. ती चुकीची असती तर मी तिला माफ केलं असतं, केव्हाच विसरलो असतो. बरोबर असलेल्या पोरीचं काय करायचं ते मला कळत नाही. मला राग आला आणि तो अजून आहे. मी या देशात सगळं नियमाने केलं. रांगा लावल्या, बोटांचे ठसे दिले, पानामागून पानं भरली, हात वर करून शपथ घेतली. शेवटी एका तळघरातून कोटात गुंडाळून आणलेली एक गोष्ट होती जिच्यासाठी मी कुणाची परवानगी मागितली नव्हती. ती माझ्या मुलीने फोन करून परत दिली.

महिनाभराने सरकारकडून दोघं जण आले. फार सभ्य माणसं. दारात बूट काढू का म्हणून विचारलं. निळे हातमोजे घातले, प्रत्येक चित्र पातळ कागदात गुंडाळलं, सपाट खोक्यांत ठेवलं. जाताना त्यांतल्या बाईने माझा हात हातात घेतला आणि एवढी छान काळजी घेतल्याबद्दल सरकारच्या वतीने आभार मानले. पोर सांभाळायला ठेवलेल्या बाईचे मानतात तसे. सुलभाने त्यांना चहा विचारला. मी वर जाऊन खोलीत बसलो.

रेवा तेव्हापासून दर रविवारी न चुकता फोन करते. आम्ही हवामान बोलतो. ओहायोतल्या डब्लिनला तिने घर घेतलं, तिथे बर्फ किती पडला, इथे किती. एकदा, मला बरं वाटावं म्हणून, तिने सांगितलं की भट्टीचं चित्र सरकारने तिच्याच संग्रहालयाला ठेवायला दिलंय, आणि कागद दुरुस्त करणाऱ्यांनी ते सुंदर साफ केलंय, खालचा डागसुद्धा गेला. फोन स्पीकरवर होता. सुलभाने विचारलं, "कुंकू?" मग रेवा म्हणाली, "आई, मी त्यांना सांगितलं होतं ते काय आहे. बट इट वॉज हार्मिंग द पेपर." सुलभा म्हणाली, "बरं." आणि जेवायला वाढायला लागली.

या वर्षी वसंतात तिने प्रदर्शन मांडलं. आम्हाला आग्रहाने बोलावलं. आम्ही सकाळीच निघालो. उंच पांढरी दालनं, चित्रांवर वरून सोडलेला मंद उजेड. तीस-चाळीस माणसं तिच्यामागून हिंडत होती, आणि ती काळा कोट घालून, केस वर बांधून, सांगत होती. चित्र तिरप्या उजेडात का बघायचं. दाब कुठे पडलाय. पेन्सिलीची सही. मोजक्या प्रती, आणि त्यातली प्रत्येक अस्सल. वाक्यामागून वाक्य माझं होतं, तिने फक्त इंग्रजीत केलेलं. आम्ही मागे उभे होतो. माझी छाती भरून आली होती, हे मी नाकारत नाही.

भट्टीच्या चित्राशी ती थांबली. खालची कड पांढरीशुभ्र. माझ्या शेजारची एक पांढऱ्या केसांची बाई म्हणाली की मंदीच्या काळापासून इतकी वर्षं हे होतं तरी कुठे?

रेवा मग म्हणाली, "इन अ प्रायव्हेट होम. इट वॉज व्हेरी वेल केअर्ड फॉर."

ते तिने माझ्यासाठीच केलं असेल. बापाचं नाव चारचौघांत नको, म्हणून. एवढं मला कळतं. पण ते प्रायव्हेट होम म्हणजे जिथे ती पहिलं पाऊल टाकताना भिंतीला धरून उभी राहिली ते घर. ज्याच्या दाराच्या कडेला तिची उंची पेन्सिलीने मांडलेली आहे ते. तिच्या तोंडून ते असं ऐकलं आणि ते मला माझंही वाटेना. कुणातरी अनोळखी, जरा संशयास्पद माणसाचं वाटलं.

माणसं टाळ्या वाजवायला लागली. त्या बाईने माझ्याकडे वळून हसून म्हटलं, "शी इज वंडरफुल, इजन्ट शी? आर यू टू विथ हर?"

सुलभाने तोंड उघडलं होतं, पण मी आधी बोललो. "नो," मी म्हणालो. "वुई आर जस्ट व्हिजिटिंग."

रेवा तीन हातांवर उभी होती, तिला ऐकू गेलं. तिने माझ्याकडे पाहिलं. मग ती लोकांकडे वळली आणि पुढच्या चित्राबद्दल सांगू लागली.